तुमची फाइल, पण गुपित कुणाचं? दवाखान्यातल्या माहितीवर हक्क कुणाचा, समजून घ्या

पुण्यातलं दीनानाथ मंगेशकर रुग्णालय एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर चर्चेत आलं. एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर कुटुंबाने आरोप केला की, उपचार सुरू करण्याआधी १० लाख रुपये अनामत मागितली गेली. आंदोलनं झाली, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि ‘डिपॉझिट’ हा शब्द कित्येक दिवस मथळ्यांमध्ये राहिला.

या गदारोळात आणखी एक गोष्ट घडली. तिच्यावर मात्र फारसं बोललं गेलं नाही.

रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीचा अहवाल माध्यमांपर्यंत पोहोचला. त्यात त्या महिलेचा आधीचा वैद्यकीय इतिहास होता. डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली माहिती बातम्यांमध्ये आणि सोशल मीडियावर फिरू लागली. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी तेव्हा रुग्णाची खासगी माहिती अशी सार्वजनिक करण्यावर जाहीर आक्षेप घेतला. ती माहिती काय होती, हे इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. प्रश्न वेगळाच आहे.

रुग्णाची माहिती रुग्णालयाने स्वतःच्या बचावासाठी लोकांसमोर मांडावी का? आणि मुळात ती माहिती कुणाची?

हा प्रश्न फक्त मोठ्या रुग्णालयांपुरता नाही. एरंडवण्याहून कर्वेनगर ओलांडून वारज्यात आलं, की गल्लोगल्ली छोटे दवाखाने, लॅब, सोनोग्राफी सेंटर आणि मेडिकलची दुकानं दिसतात. बहुतेकांची पहिली भेट इथेच होते आणि पहिला केसपेपरही इथेच निघतो.

गोपनीयता नेमकी कुणाची?

देशातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांना २००२ चे वैद्यकीय आचारसंहिता नियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले होते. रुग्णांचे फोटो, स्कॅन आणि उपचारांची माहिती डॉक्टरांनी सोशल मीडियावर कशी हाताळावी, याचाही त्यात समावेश होता. पण त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि कारभार पुन्हा २००२ च्या नियमांवर आला.

हे जुने नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. उपचार करताना कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरांनी उघड करायचं नाही. याला तीन अपवाद आहेत:

- न्यायाधीशांनी आदेश दिला असेल तर न्यायालयात.
- एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर.
- आजार सरकारला कळवणं बंधनकारक असेल तर. उदाहरणार्थ, टीबीच्या रुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनाही सरकारकडे करावीच लागते.

‘आमच्यावर आरोप झाले म्हणून’ हा अपवाद या यादीत नाही. डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. पण त्यासाठी चौकशी समिती, मेडिकल कौन्सिल आणि न्यायालय आहे. तिथे फाइल दाखवणं वेगळं आणि ती लोकांसमोर उघडणं वेगळं.

रुग्ण हयात नसेल तर? जगभरातल्या डॉक्टरांची शपथ मानल्या जाणाऱ्या १९४८ च्या जिनिव्हा जाहीरनाम्याच्या आजच्या मसुद्यात याचं उत्तर आहे. रुग्णाच्या मृत्यूनंतरही त्याचं गुपित जपायचं, असं डॉक्टर त्यात कबूल करतात.

रुग्णाने मागितलं तर ‘गोपनीय’, इतरांना मात्र मोकळं

गोपनीयतेचा नियम रुग्णाला जगापासून वाचवण्यासाठी आहे. पण अनेकदा तो रुग्णावरच उलटवला जातो. नातेवाईक केसपेपरची प्रत मागायला गेले, की ‘ते रेकॉर्ड गोपनीय आहे’ असं उत्तर मिळतं.

हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, रुग्ण किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, तर रुग्णालय किंवा डॉक्टर गोपनीयतेचं कारण पुढे करू शकत नाहीत. प्रती काढण्याचा खर्च ते घेऊ शकतात. पुढे २००२ च्या नियमांनी मुदतही ठरवली. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केली, की ती नोंदवून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची.

म्हणजे गोपनीयता ही रुग्णाची आहे, रुग्णालयाची नाही. कागद, कपाट आणि कॉम्प्युटर दवाखान्याचा असेल, पण गुपित रुग्णाचं. हे एक वाक्य लक्षात ठेवलं, तर पुढचे बहुतेक गोंधळ सुटतात.

माहिती फुटते कुठून?

‘डेटा लीक’ म्हटलं की डोळ्यांसमोर हॅकर येतो. तशी उदाहरणं आहेतही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला अनेक दिवस कागद-पेनवर काम करावं लागलं.

पण प्रत्येक वेळी कुलूप तोडावं लागतंच असं नाही. अनेकदा दार उघडंच असतं.

ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या पाहणीची माहिती फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात समोर आली. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय साठवणारे अनेक सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे होते. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचं नाव अशी माहिती त्या प्रतिमांना जोडलेली होती. या यादीत देशात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. राज्यातल्या ३,०८,४५१ नोंदसंचांमधल्या जवळपास ७ कोटी प्रतिमा कुणालाही पाहता येतील अशा अवस्थेत होत्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याहून गंभीर प्रकार उघड झाला. गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण, तेही महिला रुग्णांच्या तपासणीचं, इंटरनेटवर विकलं जात होतं. अहमदाबाद पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये लातूर आणि सांगलीच्या तरुणांचा समावेश होता.

आणि जी गळती कधीच बातमी होत नाही, ती रोजच्या दवाखान्यात होते. तिला हॅकर लागत नाही.

- वेटिंगमध्ये दहा जण बसलेले असताना काउंटरवरून मोठ्याने विचारलं जातं, “तुम्ही कशासाठी आलात?”
- लॅबचा रिपोर्ट रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. ती नोकरी सोडते, तेव्हा मोबाइल तिच्याबरोबर जातो आणि रिपोर्टही.
- नंबर चुकतो आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पोहोचतो.
- दवाखान्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो किंवा स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला असतो.
- जुने केसपेपर रद्दीत जातात.
- सुनेचा रिपोर्ट तिच्याआधी सासूला सांगितला जातो, कारण ‘घरचेच तर आहेत’.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे कुणाला खटकतही नाही. पण सज्ञान व्यक्तीचा रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला, सासूला किंवा वडिलांना सांगणं हाही गोपनीयतेचा भंगच आहे. वारज्यासारख्या भागात, जिथे डॉक्टर, केमिस्ट आणि सोसायटीतले शेजारी एकमेकांना ओळखतात, तिथे एक वाक्य पुरतं. एचआयव्ही, टीबी, गर्भपात, मानसिक आजार, वंध्यत्वाचे उपचार यांबद्दलची कुजबुज कुणाची नोकरी घालवू शकते, कुणाचं ठरलेलं लग्न मोडू शकते. त्याहून वाईट म्हणजे, माणूस पुढच्या वेळी डॉक्टरकडे जातच नाही किंवा गेला तरी खरं सांगत नाही.

म्हणूनच काही आजारांसाठी आणि उपचारांसाठी वेगळं कायदेशीर संरक्षण आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्याला मनाई केली आहे. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. गर्भपात करून घेणाऱ्या महिलेची ओळख कायद्याने परवानगी नसलेल्या व्यक्तीला सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खाटा नसलेला दवाखाना कायद्यातून निसटतो का?

बऱ्याच अंशी, हो.

खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पुण्यात हे काम महापालिका पाहते. या कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. खासगीपणा जपला जाणं हा त्यातला एक हक्क आहे.

पण हा कायदा रुग्णांना भरती करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. फक्त ओपीडी चालवणारा, दोन खोल्यांचा दवाखाना त्यात येत नाही. अशा दवाखान्यांनाही नोंदणीखाली आणणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. केसपेपर तीन वर्षं जपून ठेवण्याचा २००२ चा नियमही भरती झालेल्या रुग्णांबाबत बोलतो.

परिणाम असा की, छोट्या दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या कौन्सिलला बांधील असतात. पण काउंटर, कपाट आणि कॉम्प्युटर तपासायला कुणी येत नाही.

नव्या डेटा कायद्याने काय बदलेल?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. त्यानंतर माहिती कशासाठी घेतली जाते ते साध्या भाषेत सांगावं लागेल, ती सुरक्षित ठेवावी लागेल आणि फुटली तर संबंधित व्यक्तीला कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

एक, हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदी केसपेपर त्यात येत नाही. त्याच केसपेपरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, की तो डिजिटल होतो.

दोन, या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांमध्ये वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहिती म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. नव्या कायद्याच्या व्याख्येत मात्र तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा एचआयव्ही रिपोर्ट एकाच रांगेत आहेत.

डॉक्टरांची अडचण काय?

दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या एकट्या डॉक्टरकडे आयटी विभाग नसतो. रात्री अकरा वाजता ईसीजीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञाला व्हॉट्सॲपवर पाठवल्यामुळे जीव वाचू शकतो. तो पाठवू नका, असं कुणीच म्हणणार नाही. रुग्ण स्वतःही रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच मागतात.

पण बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. दवाखान्याचा वेगळा मोबाइल, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, फोटो पाठवताना नाव झाकणं, रद्दीआधी कागद फाडणं, आजाराबद्दलचे प्रश्न फक्त केबिनमध्ये विचारणं. यातलं महागातलं काय असेल तर एक साधा फोन.

तुम्ही काय करू शकता?

- केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्डची प्रत हवी असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ७२ तासांची मुदत तिथून मोजता येते.
- रिपोर्ट कुणाला द्यायचा आणि कोणत्या नंबरवर पाठवायचा, हे आधीच सांगा. ‘फक्त मलाच द्या’ म्हणणं हा उद्धटपणा नाही.
- काउंटरवर आजाराबद्दल विचारलं तर ‘डॉक्टरांना सांगतो’ एवढं उत्तर पुरेसं आहे.
- १४ अंकी आभा नंबर काढणं ऐच्छिक आहे. त्याच्याशी जोडलेल्या नोंदी कुणी पाहायच्या, याची संमती तुम्ही द्यायची असते. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी हवा आहे ते विचारा.
- माहिती फुटली तर स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवा.

तक्रार कुठे करायची? ॲलोपॅथी डॉक्टर असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्यात त्यांच्या स्वतंत्र परिषदा आहेत. खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाबद्दल पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. याशिवाय एक मार्ग अनेकांना माहीत नसतो. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊन उपचार करणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दार खाटा नसलेल्या दवाखान्याविरुद्धही वाजवता येतं.

आणि सोशल मीडियावर असलेल्या प्रत्येकासाठी एक गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये अहवाल बाहेर आला, तेव्हा तो पुढे पाठवणारे हात आपलेच होते. डॉक्टरांना शपथ आणि कौन्सिल बांधून ठेवते. फॉरवर्ड करणाऱ्याला त्या क्षणी कुणीच अडवत नाही. कुणाचा रिपोर्ट, कुणाचा केसपेपर, आयसीयूतला कुणाचा फोटो ग्रुपवर आला, तर तो तिथेच थांबवणं आपल्या हातात आहे.