विहिरीचाही सातबारा हवा

भूगर्भातील तेल व वायू ही राष्ट्राची ठेव आहे, हे तत्त्व सर्वमान्य असूनही तिला हात घालण्याचा परवाना कोणास, कोठे व किती मुदतीसाठी दिला आणि त्यातून अखेर काय निष्पन्न झाले, याचा सलग हिशेब सामान्य नागरिकास एका ठिकाणी सुलभपणे वाचावयास मिळू नये, ही उणीव उपेक्षणीय नव्हे.

असा सलग हिशेब ठेवण्याची रीत आम्हांस अपरिचित नाही. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्काची आणि नमुना बारामध्ये पिकाची नोंद होते. आणि जसे पेरलेले क्षेत्र, तसेच पडही तेथे लिहिले जाते. परवाना हा तेलविहिरीचा सात, आणि वेधनाचा निकाल हा तिचा बारा होय. परंतु जमिनीवरील परवाने राज्य सरकारने केंद्राच्या संमतीने द्यावयाचे, समुद्रातील केंद्राने द्यावयाचे, आणि तांत्रिक देखरेख १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाने ठेवावयाची, अशी वाटणी असल्याने एकाच विहिरीची हकीकत अनेक दप्तरांत विखुरते.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या सागरी वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर तेल शोधले, हे यश आपण अभिमानाने स्मरतो, परंतु कोरडी निघालेली विहीरही ज्ञानच देते, आणि ते ज्ञान दडून राहिले तर तोच धडा शिकण्यासाठी दुसऱ्यास पुन्हा कोट्यवधी रुपये खर्चावे लागतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्रातून प्रतिदिन ८ कोटी घनमीटर वायूची अपेक्षा असता २०१० नंतर उत्पादन झपाट्याने घसरले, तेव्हा ठरलेल्या विहिरी खणल्या नाहीत म्हणून ही घट झाली की खडकच अपेक्षेहून निराळा निघाला, यावर सरकार व ते क्षेत्र चालविणारी कंपनी यांच्यात वाद पेटून तो लवादापर्यंत गेला. आणि ज्याची ठेव, तो नागरिक मात्र त्या वादाचा केवळ श्रोता राहिला.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. आसामातील बागजान येथील विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायूचा उद्रेक झाला, ९ जूनला तिने पेट घेतला, दोन अग्निशामकांचे प्राण गेले आणि हजारो ग्रामस्थ बेघर झाले. आपल्या शिवारालगत काय खणले जात आहे, कोणत्या अटींवर आणि किती खोल, हे जाणण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही व्यापारी गुपिताहून थोर होता.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात जमिनीखालचे खनिज बहुधा खासगी मालकीचे असते. तरीही तेथील तेलविहिरींवर देखरेख ठेवणारे रेलरोड कमिशन विहिरीचा परवाना, तिच्या पूर्णतेचा अहवाल आणि ती बुजविल्याचा दाखला लोकांसाठी खुला ठेवते. मग जेथे मुख्यत्वे शासनच विश्वस्त आहे, तेथे गुप्ततेस अधिक जागा का असावी? भूगर्भीय विश्लेषण काही काळ राखून ठेवणे व्यापारदृष्ट्या न्याय्य ठरेल. परंतु स्थान, परवान्याची तारीख, खोली, निकाल, उत्पादन व अखेरची बुजवणी या बाबी विहिरीच्या कायम क्रमांकाखाली, सर्व भारतीय भाषांत, विनाशुल्क जाहीर करण्यास सबब उरत नाही.

पडीक शेताची नोंद करण्यात तलाठ्यास संकोच वाटत नाही. कोरड्या विहिरीची नोंद करण्यात सरकारलाही वाटू नये.