सरकारी संगणक घेताना हा एक प्रश्न विचाराच

आजची पोस्ट थोडी तांत्रिक आहे. पण गावच्या पतसंस्थेतला, शाळेच्या लॅबमधला संगणक नक्की कुणाच्या ताब्यात आहे, याच्याशी तिचा थेट संबंध आहे. म्हणून वाचाच.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं त्याच्या हातात. गरज पडली की तो ड्रायव्हरचं मॉड्यूल किंवा फर्मवेअरची फाइल उचलतो. पण कुठून? लिनक्सवर मॉड्यूलच्या डिजिटल सहीची सक्ती नसेल, तर ज्याला रूटचे अधिकार मिळाले तो पेनड्राइव्हवरचं मॉड्यूलसुद्धा कर्नलमध्ये घुसवू शकतो. घुसखोराला हेच तर हवं असतं! एकदा आत बसला की तो आपल्या फाइली, आपले प्रोग्राम लपवतो. अँटिव्हायरस विचारणार कर्नललाच, आणि कर्नलच खोटं सांगणार. मग पकडणार कोण?

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. २०१६ साली लिनक्स ४.७ मध्ये ‘लोडपिन’ आलं. क्रोम ओएससाठी झालेल्या कामातून ते पुढे आलं. नियम साधा आहे: कर्नलने पहिली फाइल ज्या फाइलसिस्टिमवरून उचलली, पुढच्याही तिथूनच उचलायच्या. दुसरीकडून आलेली फाइल रूटने दिली तरी नाकारायची. पंगतीत प्रत्येक वाटी चाखून बघत नाही आपण. पातेलं आपल्याच आचाऱ्याकडून आलंय ना, एवढं बघतो. तसंच हे.

मात्र एक अट आहे. ती फाइलसिस्टिम फक्त वाचता येणारी हवी, आणि डीएम-व्हेरिटीसारख्या व्यवस्थेने तिच्यातली छेडछाड पकडली गेली पाहिजे. नाहीतर घुसखोर त्याच डिस्कवर आपली फाइल लिहून मोकळा!

काही जण म्हणतील, ‘माझं मशीन, मी वाट्टेल ते घालीन.’ घरच्या मशीनवर खुशाल घाला. पण ज्या मशीनवर हजार लोकांची खाती आहेत, ते ऑपरेटरचंही नाही आणि पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या टेक्निशियनचंही नाही. तिथे थोडी गैरसोय सोसायलाच हवी.

आणि हे म्हणजे रामबाण नव्हे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. ती फाइल चोराने नाही, खुद्द कंपनीनेच पाठवली होती. फाइल विश्वासाच्या जागेवरून आली म्हणून ती बिनचूक असतेच असं नाही. चाचणी करावीच लागते.

तरीही दाराला कडी हवीच ना? टेंडरमध्ये रॅम किती, स्क्रीन केवढी, हे सगळं लिहितात. त्यात एक ओळ वाढवा: कर्नल फक्त पडताळलेल्या, न बदलता येणाऱ्या फाइलसिस्टिमवरूनच फाइली घेईल.

पुढच्या ग्रामसभेत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत एवढं विचारा. उत्तर काय मिळतं ते इथे कमेंटमध्ये नक्की सांगा.