पेशीविज्ञानाची प्रयोगशाळा वऱ्हाडच्या शिवारातच!

अमरावती/अकोला : वऱ्हाडातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पेशी भेटते ती बहुधा पुस्तकातील आकृतीत. दहावीपर्यंत ‘केंद्रक’, ‘गुणसूत्र’ अशा मराठी संज्ञांवर वाढलेले अनेक विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी संज्ञा पाठ करतात, प्रात्यक्षिक वहीत आकृत्या उतरवतात आणि उत्तीर्ण होतात. वस्तुतः या विषयाची उत्तम उदाहरणे त्यांच्या घराजवळच आहेत.

कापसाचेच पाहा. सरकीवरील प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी, साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची. देशी कापसाच्या पेशीत २६, तर अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. म्हणूनच या दोहोंचा थेट संकर सहसा वांझ निघतो. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाबीज’चे मुख्यालयही तेथेच आहे. बियाण्यांच्या या नगरीत पेशीविज्ञान केवळ परीक्षेपुरते उरावे, ही विसंगती होय.

दुसरे उदाहरण विदर्भाला परिचित असलेल्या सिकलसेलचे. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेने २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी रक्त तपासणारे आणि अहवालाचा अर्थ मेळघाटातील कुटुंबाला समजेल अशा भाषेत सांगणारे पदवीधर हवेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयेच ते घडवू शकतात.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. अभ्यासक्रमाची रचना बदलली. मात्र प्रयोगशाळेतील अडचणी केवळ त्याने सुटत नाहीत. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून पेशीविभाजन पाहण्यास फार खर्च येत नाही. कांदा, रंगद्रव्य, चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक आणि पुरेसा वेळ एवढेच लागते. एका सूक्ष्मदर्शकाभोवती अख्खी तुकडी उभी राहिली आणि शिकविणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावरील असला, की हा वेळच सर्वप्रथम कमी होतो.

त्यामुळे महाविद्यालयाची गुणवत्ता जोखताना निकालाच्या टक्केवारीसोबत आणखी एक प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे : प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात स्वतःच्या हाताने किती काचपट्ट्या तयार केल्या? विद्यापीठाने ही नोंद अंतर्गत गुणांशी जोडल्यास प्रात्यक्षिक वही भरण्याच्या उपचाराला काही अर्थ येईल.