शाळेचे तुकडे, पोरांची गळती

शिक्षणखातं म्हणतं, बहुजनांच्या पोरांची 'गळती' होते. गळती! जणू पोर म्हणजे नळाचं पाणी. मित्रांनो, पोरं उगाच गळत नाहीत. ती ठरलेल्या जागी पडतात. त्या जागा कुणी आखल्या, हे आता विचारलं पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरकपारीच्या वाड्या बघा. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार झालं तर सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल, बहुतेक कुठल्यातरी संस्थेचं, मोठ्या गावात, एसटीच्या रस्त्यावर. म्हणजे दहावीच्या आत पोरानं एकदा नाहीतर दोनदा शाळा बदलायची. दर वेळी नवा दाखला, त्यावर जातीचा रकाना. नवे मास्तर, नवा गणवेश, एसटीचा पास. आणि नव्या वर्गात बाक पुन्हा शेवटचा. चार वर्षं राबून मास्तरला आपलं नाव पाठ करायला लावायचं आणि पाचवीत पुन्हा "कुठल्या गल्लीतला रे तू?" इथून सुरुवात.

पाटलाच्या पोराला हा खड्डा लागत नाही. त्याच्या दारात मोटारसायकल, घरी शिकवणी, संस्थेवर चुलता संचालक. आपल्या पोरीची आई म्हणते, "शिकंल की पोरगी, पर एकटी जाणार कशी?" झालं. पोरगी घरी.

जबाबदार कोण? जिल्हा परिषदेत शाळांचे शिक्षणाधिकारी वेगवेगळे. एक प्राथमिकचा, एक माध्यमिकचा. सातवी होऊन बाहेर पडलेलं पोर पहिल्याच्या फायलीत 'उत्तीर्ण' असतं आणि दुसऱ्याच्या फायलीत ते जन्मालाच आलेलं नसतं. दोन फायलींच्या फटीत अख्खं पोर गडप! शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पहिली ते आठवी हे सलग प्राथमिक शिक्षण ठरलं. कायदा आठवीपर्यंत चढला, वाडीची शाळा मात्र अजून चौथीच्या पायरीवर धापा टाकत बसली आहे.

हे दुखणं आजचं नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारला हिशेब ऐकवला होता. शाळेत शिरणाऱ्या शंभरांतली फक्त १८ पोरं चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. आकडे बदलले. पायरी पुढं सरकली. पण कडेलोटाची जागा राखून ठेवायची खोड गेली नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पहिली ते दहावी एकाच शाळेत झाली पाहिजे. थोरली बहीण धाकटीला हाताला धरून नेईल. पोर आठवीत भागाकाराला अडलं तर तिथला मास्तर चौथीच्या बाईंना विचारील, हे कुठं अडलं होतं. आज दोघं एकमेकांच्या नावानं खडे फोडतात. न्यूयॉर्कच्या शाळांचा २०१० सालचा एक अभ्यास हेच सांगतो. तिथं सहावीला शाळा बदलून वेगळ्या माध्यमिक शाळेत गेलेली पोरं, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांच्या मागं पडली. गुण घसरले, गैरहजेरी वाढली. अमेरिकेतल्या पोराला जो धक्का बसतो, तो गावकुसाबाहेरच्या पोराला बसत नसेल?

पण एक छत झालं म्हणजे समता आली, असल्या भ्रमात राहू नका. छताखालीही पंगती असतात. मोठ्यांना प्रयोगशाळा आणि धाकट्यांना पत्र्याची शेड, असंही होतं. दांडगी पोरं लहानग्यांना छळतात, आणि झाडू कुणाच्या हातात जातो हे सांगायला नको. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. मग नववीच्या पोरानं काय, आठवीची जेवताना बघत बसायचं?

आणि 'एकत्र शाळा' हा शब्द सरकारच्या तोंडून आला की जास्तच सावध व्हा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४,७८३, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार पोरं. हे जोडणं म्हणजे वाडीची शाळा उचलून लांब नेणं. आम्ही मागतो ती शाळा जागेवरून वर वाढते. सरकारची शाळा वाडीतून उपटली जाते.

कुणी म्हणेल, शाहू महाराजांनीही शाळा बंद केल्या होत्या. केल्या! १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणाऱ्या राजानं १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, आणि त्याच हुकमानं सर्वांच्या शाळेचं दार आपल्याला उघडलं. दार उघडून केलेली बंदी आणि दार लांब नेऊन केलेली बंदी यांतला फरक कोल्हापूरला कुणी शिकवू नये.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. वाडीतली एकही शाळा बंद होता कामा नये. जिथं चौथी आहे तिथं पाचवी, जिथं सातवी आहे तिथं आठवी ते दहावी जोडा, मास्तरांसकट जोडा. जिथं खरंच जमत नाही तिथं पोराच्या वेळेची एसटी आणि वसतिगृह द्या. पोषण आहार दहावीपर्यंत न्या. आणि चौथी-सातवी होऊन पुढच्या वर्गात न दिसलेल्या प्रत्येक पोराच्या घरी दोन्ही साहेबांनी मिळून जावं.

साहेब जाणार नसतील तर आपण जाऊ. येत्या जूनला आपापल्या वस्तीतल्या चौथी आणि सातवी पास पोरांची यादी करा. पहिल्या घंटेला त्यातलं कोण वर्गात नाही ते बघा. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात उभं राहायचं आहे.