गांजा, संगणक आणि माणूस

गांजाचे सेवन कमी करण्यासाठी ऑनलाइन कार्यक्रम वापरण्याची पद्धत युरोपात आता जुनी झाली आहे. जर्मनीत ‘क्विट द शिट’ हा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. नाव न सांगता नोंदणी, समुपदेशकाशी चॅटवर पहिली मुलाखत, मग ५० दिवसांची रोजनिशी आणि दर आठवड्याला तिच्यावर समुपदेशकाचा लेखी अभिप्राय, असे त्याचे सुरुवातीचे स्वरूप होते. पुढे झुरिकमध्ये ‘कॅनरिड्यूस’ आला, ऑस्ट्रेलियात ‘रिड्यूस युअर यूज’. एवढा अनुभव जमा झालेला असताना आपल्याकडे मात्र ‘व्यसन काय मोबाइलवर सुटतं?’ असा सवाल टाकून विषयच मोडीत काढला जातो.

हा सवाल टाकणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे : व्यसनाला माणूसच लागतो, यंत्राला डोळ्यांतले पाणी दिसत नाही. रुग्ण पडद्याशी खोटे बोलतो, मध्येच सोडून जातो. शिवाय ज्या मोबाइलने एक व्यसन लावले, त्याच्याच हाती दुसरे सोडवायला देणे हा वेडेपणा.

मोबाइलचा मुद्दा फार वेळ टिकत नाही. रोजची दहा मिनिटांची नोंद आणि रात्रभर व्हिडिओ पाहणे यांत फरक आहे. खोटे बोलण्याचे म्हणाल, तर शेजारी बायको आणि समोर डॉक्टर असतानाही माणूस खोटेच बोलतो.

खरा मुद्दा ‘माणूसच लागतो’ हा. तो मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो समुपदेशकाच्या खोलीत येऊन बसलेला रुग्ण. खोलीपर्यंत न पोहोचलेल्यांचा ते विचारच करत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही वर्षभरात घेतलेले लोक २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी निघाले. हे सगळे रुग्ण नव्हेत. पण ज्यांच्या हाताबाहेर गेले आहे, ते तरी केंद्रात कुठे येतात? दारू पिणारा रस्त्यात पडतो, घरचे उचलून आणतात. गांजा ओढणारा नोकरीवर जातो, परीक्षा देतो, फक्त खोलीचे दार लावून घेतो. तो स्वतःला व्यसनी म्हणवत नाही. त्यात कायद्याची धास्ती : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे. आपणहून उपचार घेणाऱ्याला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा माणसाने रात्री एक वाजता, नाव न सांगता, ‘मला कमी करायचंय’ एवढे टाइप केले, तर त्याला दार उघडायचे की ‘सकाळी दहा ते पाच या वेळेत या’ म्हणायचे?

शिवाय त्या खोलीत समुपदेशक करतो काय? अफूवर्गीय व्यसनासाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. गांजाच्या व्यसनासाठी मान्यताप्राप्त असे एकही औषध नाही. उपचार म्हणजे बोलणे आणि हिशेब. हिशेब पडद्यावर उत्तम होतो. रोजनिशीचे एक पान असे असते : बुधवार, संध्याकाळी साडेसातला एक, मित्रांबरोबर. जेवणानंतर एक, एकट्याने. झोपण्यापूर्वी एक, तलफ दहापैकी आठ. अशी दोन आठवड्यांची पाने भरली की दिसते, मित्रांबरोबरचा जॉइंट सहज टळतो, अडते ते झोपेपाशी. मग कार्यक्रम सांगतो की थांबवल्यावर एक-दोन दिवसांतच झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते आणि पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या रात्री पुन्हा पेटवतो आणि गांजा हेच आपले झोपेचे औषध आहे अशी खात्री करून घेतो.

हा वाद नवाही नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्यांना समुपदेशक म्हणून बसवले, तेव्हा ‘यांना पदवी कुठे आहे?’ असे विचारले गेले. टेलिफोनवर सल्ला देणे सुरू झाले, तेव्हा ‘नुसत्या आवाजाने काय होणार?’ म्हणून नाके मुरडली गेली. आज १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक व्यसनमुक्तीच्या फलकांवर दिमाखात झळकतो आणि त्याला कोणाची हरकत नसते.

लोक मध्येच सोडून जातात, हे खरे आहे. झुरिकच्या प्रयोगात ३०८ जण होते, तीन महिन्यांनंतरच्या पाहणीला त्यांतले केवळ ३८ टक्के उरले. विरोधक हा आकडा उचलतात आणि त्याच प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष गाळतात. ज्यांना नुसता कार्यक्रम दिला, त्यांच्यात आणि प्रतीक्षायादीतल्यांत फरक दिसला नाही. ज्यांना त्याच्या जोडीला समुपदेशकाशी चॅट करण्याची सोय दिली, त्यांचे गांजा ओढण्याचे दिवस घटले. म्हणजे माणूस लागतो हे खरेच, पण तो पडद्यापलीकडे बसला तरी चालतो. विरोधकांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावाच त्यांच्या निष्कर्षाला छेद देतो.

परिणाम लहान आहे, अशीही तक्रार असते. दहा प्रयोगांचा, ४,१२५ जणांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही परिणाम लहानच आढळला. पण तो आढळला, आणि उपचारांच्या वाटेला कधी न जाणाऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या साधनाबाबत ही गोष्ट क्षुल्लक नाही.

मराठीत असा कार्यक्रम करायचा तर नाव न विचारणे, रोजनिशी आणि आठवड्याला समुपदेशकाचे चार शब्द, एवढे अपरिहार्य समजावे. पहिल्या पंधरवड्यात भर झोपेवर असावा. गांजात मिसळलेल्या तंबाखूची नोंद वेगळी व्हावी, कारण अनेकदा तलफ तिचीही असते. कलम ६४-अ ची माहिती पहिल्याच पानावर हवी. ज्याला आवाज ऐकू येतात, सतत संशय येतो किंवा जीव द्यावासा वाटतो, त्याच्यासाठी हा कार्यक्रम नाही. तेवढे प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारले जावेत आणि एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर त्याच क्षणी मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली जावी.