भंगार, कला आणि हातांचा हिशेब

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही स्पर्धा झाली. कागदी कपांचे झुंबर होते, स्ट्रॉचा मोर होता. चौकशी केली तेव्हा कळले, की कप आणि स्ट्रॉ दोन्ही दुकानातून नवेकोरे आणलेले! कलेसाठी कचरासुद्धा विकत आणावा लागावा, याचे मला नवल वाटले.

नवल अशासाठी, की आमच्या तळवड्यात भंगाराची वानवा कधीच नव्हती. शेजारच्या कुदळवाडीतली भंगाराची दुकाने आणि गोदामे २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने मोठ्या संख्येने पाडली. पण यंत्रे चालतात तोवर भंगार निघायचेच.

अशा कलेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, कला म्हणजे संगमरवर आणि तैलरंग. भंगार ते भंगारच. दुसरे म्हणते, साहित्य चमत्कारिक असले की झाली कला! मला दोन्ही मते पटत नाहीत.

पहिल्या मताला उत्तर केव्हाच मिळाले आहे. १९४२ मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक घडवले. आपल्या वारली भगिनी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत आल्या आहेत. तेव्हा साहित्य चमत्कारिक की नेहमीचे, हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

दुसऱ्या मताचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावी १९८६ मध्ये जन्मलेले चित्रकार प्रभाकर पाचपुते कोळशाने चित्रे काढतात. त्यांच्या घरच्या माणसांनी कोळशाच्या खाणीत काम केलेले. चित्रकाराचा कोळसा लाकडाचा आणि खाणीतला दगडी, हे खरे. पण त्यांच्या हातात तो नुसता काळा रंग राहत नाही. खाणकामगार आणि उकरलेली जमीन त्यांच्या चित्रांत येतात, तेव्हा साहित्य आणि विषय एकच होऊन जातात. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांतले ते एक. दिवंगत हेमा उपाध्याय यांनी २००६ मध्ये पत्रे, मोटारींचे भंगार आणि प्लॅस्टिक वापरून धारावीची प्रतिकृती केली. जी वस्ती टाकलेल्या वस्तूंना पुन्हा कामी लावते, ती दुसऱ्या कशाने घडवायची?

माझे म्हणणे एवढेच, की साहित्य का निवडले याचे उत्तर कलाकृतीतच सापडले पाहिजे.

हे शहाणपण मला उशिरा आले. त्या स्पर्धेत मीही एक वस्तू मांडली होती. माझे वडील प्रेसवर काम करतात. वॉशर कापून झाल्यावर उरलेला गोल गोल भोकांचा पत्रा आमच्याकडे खिडकीला लावला आहे. संध्याकाळी त्यातून उन्हाचे गोल कवडसे भिंतीवर पडतात. मी तसाच एक पत्रा नेऊन दिव्यासमोर टांगला. परीक्षकांनी विचारले, “यात तू काय केलेस?” मी गप्प राहिले. बक्षीस मोराला मिळाले.

तेव्हा राग आला. आज वाटते, प्रश्न रास्त होता. मी खरोखरच काही केले नव्हते. जे केले होते ते वडिलांनी. त्या पत्र्याचे एकेक भोक म्हणजे प्रेसचा एकेक ठोका. दर ठोक्यापूर्वी एक हात आत गेला आणि सुखरूप बाहेर आला. आमच्या भागात सगळ्यांचेच हात असे बाहेर येत नाहीत. हे मला ठाऊक होते. पण मी नुसता सुंदर उजेड दाखवला आणि हात लपवला!

यंदा तोच पत्रा पुन्हा मांडणार आहे. भोके मोजून आकडा खाली लिहीन आणि वडिलांना सोबत आणीन. बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांच्या प्रश्नाला यंदा उत्तर असेल.