स्वरलिपीवर पोसलेली घरं

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांबद्दल बोलताना ‘संगीत त्यांच्या रक्तातच असतं’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ऐकायला ते बरं वाटतं, पण त्यात शिकवणाऱ्याचे कष्ट पार पुसले जातात. या घरांत संगीत आलं ते चर्चच्या शाळेतून. पोर्तुगीज अमलात गावोगावी चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. तिथला ‘मेस्त्रे’ मुलांना प्रार्थनेबरोबर गायन आणि व्हायोलिन शिकवी आणि चर्चचा गायकवृंदही सांभाळी. चर्चला मिस्सासाठी, म्हणजे सामुदायिक उपासनेसाठी, गाणारे-वाजवणारे हवे होते. त्या गरजेपोटी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचण्याची विद्या साध्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचली.

शिकवणीला सुरुवात वाद्याने होत नसे. आधी सोल्फेजो. समोरच्या कागदावरचे स्वर मोठ्याने नावानिशी म्हणायचे, एका हाताने ताल धरायचा आणि कुठला स्वर किती मात्रा लांबतो, कुठे थांबायचं हे जिभेला नि हाताला एकदमच शिकवायचं. पोरांना याचा कंटाळा येई. चुकलं की मेस्त्रेचा मारही ठरलेला. हे पक्कं झालं की मगच हातात व्हायोलिन, पुढे क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट.

बाकीचा रियाज घर आणि गाव करून घेई. घरातल्या वेदीपुढे किंवा वाड्यावरच्या क्रुसापाशी ‘लादाईन’ होई. लॅटिन प्रार्थनेचे वरचे-खालचे सूर घरचेच लोक वाटून घेत आणि बाप किंवा काका व्हायोलिन धरी. गावच्या फेस्ताला पहाटे ‘आल्व्होराद’ निघे, म्हणजे बँड वाजवत गाव जागं करायचं. मोठ्यांच्या मागे उभं राहून पहिल्यांदा चार लोकांत वाजवण्याची संधी पोरांना मिळे ती बहुधा अशाच ठिकाणी. मुलींना मात्र बँडमध्ये जागा नव्हती. ऐपतीच्या घरांतल्या मुली पियानो शिकत, पण तो दिवाणखान्यापुरता. लॉर्नासारखी गायिका क्रिस पेरी यांच्या बँडपुढे उभी राहिली, तोवर बराच काळ लोटला होता.

गोव्यात या कलेवर पोट भरणं अवघड होतं, म्हणून वाजवणारे मुंबईला आले. धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ होते, त्यांत खाट मिळे आणि कामाची बातमीही तिथेच कळे. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजवायचं, बोलपट आल्यावर हॉटेलांच्या बँडमध्ये शिरायचं, असा अनेकांचा प्रवास झाला. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. त्यांची मुलगी इव्हॉन हिने सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याशी लग्न केलं. बँडमधली नाती अशी घरापर्यंत पोचत.

1950च्या दारूबंदीने हॉटेलांतली रात्र फिकी पडली आणि वादकांचा ओढा सिनेमाकडे वाढला. मराठी वाचकाला इथे सी. रामचंद्र आठवतील. ‘अलबेला’साठी (1951) त्यांनी चिक चॉकलेट यांना जवळ केलं आणि या चित्रपटात तो बँड पडद्यावरही झळकला. अनेक संगीतकारांना चाल सुचे ती गळ्यातून किंवा पेटीवर. तिचं वाद्यवृंदासाठी रूप करायचं, तर कोणीतरी बसून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायला हवा. हे काम अरेंजरचं, आणि त्यात गोवेकरांचा वरचष्मा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यातलं मोठं नाव. त्यांचे वडीलही गावच्या चर्चमध्ये गायकवृंद शिकवत. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं आणि प्यारेलाल यांनी 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव गाजवलं.

रेकॉर्डिंगला गायक आणि सगळे वादक एकदमच वाजवत. तीस-चाळीस जणांत एकाचा सूर घसरला, की गाणं पहिल्यापासून. सकाळी हातात पडलेला कागद दुपारपर्यंत निर्दोष वाजवायचा, अशा वेळी सोल्फेजोचे ते कंटाळवाणे तास पगार मिळवून देत. पण कागद वाचणारा माणूस बदलता येतो. एक व्हायोलिनवाला आजारी पडला, तर त्याच्या जागी दुसरा त्याच पानावरून वाजवी. म्हणूनच की काय, श्रेयनामावलीत या मंडळींना क्वचितच जागा मिळाली. गाणं संगीतकाराचं आणि गायकाचं ठरलं. ज्याने अंतऱ्याआधीचा व्हायोलिनचा तुकडा लिहिला, तो पाकीट घेऊन लोकलने घरी गेला. ही उपेक्षा निव्वळ विसराळूपणाची होती, असं म्हणणं फार उदारपणाचं होईल.

1980च्या दशकात सिंथेसायझरचा वापर वाढला आणि एका माणसाच्या बोटांखाली अख्खा व्हायोलिनचा ताफा बसू लागला. स्टुडिओतली गर्दी ओसरली. काही वादक गोव्यात परतले, काही शिकवण्या घेऊ लागले, काहींची मुलं जहाजांवरच्या बँडमध्ये गेली. पॅरिश शाळांचा जुना जोर राहिला नाही, तिथली जागा खासगी वर्ग आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांनी घेतली. 1892मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या तियात्राला, म्हणजे कोकणी संगीत नाटकाला मात्र आजही वाजवणारे लागतात. त्यातल्या ‘कांतारां’ना, म्हणजे गाण्यांना, साथ करायला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन धरून बसलेल्या त्या माणसांत अजूनही बाप-लेकाची जोडी सापडते.